टाके भरले, मनाचे काय?



बायपास झालेला माणूस आठवड्याभरात घरी आला, की आपण प्रभूचे आभार मानतो आणि म्हणतो, ‘सुटलो एकदाचे!’ खरे तर बरे होणे तिथून सुरू होते.

आधी शरीराचे पाहू. छातीचे मधले हाड कापून ही शस्त्रक्रिया करतात आणि ते पोलादी तारांनी पुन्हा जोडतात. ते नीट सांधायला दोन-तीन महिने लागतात. तोवर पाण्याची बादली किंवा नातवंड उचलू नये, दुचाकी चालवू नये. खोकताना छातीशी उशी धरावी. चालणे मात्र रोज हवे : आधी घरातल्या घरात पाच मिनिटे, मग गल्लीच्या टोकापर्यंत, आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर. ताप आला, जखमेतून पू आला किंवा दम वाढला, तर लगेच डॉक्टरांना दाखवावे.

मनाचे दुखणे एक्सरेत दिसत नाही. कमावता माणूस विनाकारण रडतो, चिडतो, रात्री जागा राहतो, ‘मी आता ओझे झालो’ म्हणतो. अशा एका घरी आम्ही ‘देवावर भरवसा ठेवा’ एवढे सांगून परतलो. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवले होते. त्यांना उपदेश नको होता, ऐकणारा हवा होता, हे आम्हाला उशिरा उमगले.

ही उदासी म्हणजे श्रद्धेची उणीव नव्हे. गेथशेमाने बागेत प्रभू येशूचेही मन व्याकूळ झाले होते. संत थॉमस अक्वायनस शिकवतात, की माणूस म्हणजे शरीर आणि आत्मा मिळून एक. मग छाती उघडल्यावर मन कसे अलिप्त राहील? पुष्कळांची उदासी काही आठवड्यांत ओसरते. दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर डॉक्टरांना सांगावे. तिच्यावर उपचार आहेत. १४४१६ या सरकारी ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ‘जगायचे नाही’ असे शब्द आले, तर त्यांना एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी.

विसावा घेण्यात कमीपणा नाही. २४ जानेवारी २००९ रोजी मुंबईच्या डॉ. रमाकांत पांडा यांच्या पथकाने दिल्लीत पंतप्रधान मनमोहन सिंग यांची दुसरी बायपास केली. तेव्हा ते ७६ वर्षांचे होते. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनालाही ते गेले नाहीत. इतरांनी काम सांभाळले. मे महिन्यात त्यांनी पुन्हा पंतप्रधानपदाची शपथ घेतली, आणि पुढे ते २०२४ च्या डिसेंबरपर्यंत जगले.

या आठवड्यात आपल्या गल्लीतल्या अशा एका घरी जाऊ या. फळांची पिशवी नसली तरी चालेल. ‘ऑपरेशन कसे झाले?’ हे सारेच विचारतात. आपण ‘झोप लागते का?’ असे विचारू या आणि उत्तर संपेपर्यंत बसून राहू या.

तुमचे धर्मगुरू