शकुंतलेचे प्रतिरूप आणि पट्ट्याचा धडा

यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अडीच फुटी मार्गावर १९९४ पर्यंत धावलेल्या शकुंतलेच्या वाफेच्या इंजिनाचे प्रतिरूप आम्ही विद्यार्थ्यांकडून करवून घेतो. मोटर फिरते, चाके मात्र थांबतात. तेव्हा दोष बहुधा रबरी पट्ट्याचा असतो. तेलाने तो घसरतो, उन्हाने तडकतो. कप्पी स्पिरिटने पुसावी. पट्टा सैल नसावा, अतिताणलेलाही नसावा. ताणाने मोटरचे बेअरिंग झिजते. ६ मिलिमीटरच्या कप्पीवरून १८ मिलिमीटरच्या कप्पीवर वेग तिसऱ्या हिश्शावर येतो, ओढ मात्र जवळपास तिप्पट होते. सुधारणा म्हणून दातेरी पट्टा बसवावा. तो घसरत नाही, परंतु गाडी अडकल्यास मोटर जळू शकते.

कारणाशिवाय कार्य नाही, ही धम्माची शिकवण येथे हाताने पडताळता येते. हात आणि बुद्धी यांची फारकत जातिव्यवस्थेने केली. आमची मुले ती या बाकावर मोडीत काढतात.