'माझी तयारी आहे' असे आपण म्हणतो तेव्हा

वाचन : मार्क १४:३२-४२, इब्री २:१४-१५



आपल्या धर्मग्रामात सत्तरी ओलांडलेल्या कोणाशीही बोला. बोलता बोलता ते म्हणतातच, 'आता काय, माझी तयारी आहे. देवाने कधीही न्यावे.' हे बोलणे खोटे नसते. पण रात्री दोन वाजता छातीत कळ आली की घर जागे होते, रिक्षा बोलावली जाते आणि तयारी असलेले आजोबा मुलाचा हात घट्ट धरून बसतात. यात हसण्यासारखे काहीच नाही. दिवसा बोलणारा आणि रात्री हात धरणारा माणूस एकच आहे, आणि दोन्ही वेळा तो खराच असतो.

आपल्या रोजच्या प्रार्थनेकडेच पाहा. पाच रहस्यांची रोझरी म्हणताना आपण ५३ वेळा पवित्र मरियेला विनवतो की आमच्या मरणसमयी आमच्यासाठी प्रार्थना कर. ज्याला त्या घडीची काहीच धास्ती नाही, तो आईला इतक्या वेळा कशाला हाक मारील?

मरणाची भीती म्हणजे तरी कोणती? कोणाला वेदनांची भीती असते, कोणाला अंथरुणाला खिळून दुसऱ्यावर ओझे होण्याची. तरुण आईला आपल्या मागे मुलांचे काय होईल ही चिंता असते. कोणाला देवासमोर हिशेब देण्याची भीती वाटते. आणि या सर्वांच्या तळाशी, आपण उरणारच नाही की काय, ही शंका असते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आधुनिक जगाविषयीच्या आपल्या दस्तऐवजात हीच भीती मोकळेपणाने मान्य केली आहे. ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस म्हणे की आपण असतो तोवर मरण नसते आणि मरण येते तेव्हा आपण नसतो, मग भ्यायचे कशाला? युक्तिवाद नेटका आहे. पण आजाऱ्याच्या उशाशी बसल्यावर त्याने कोणाचे समाधान झालेले मी तरी पाहिलेले नाही.

आता गेथशेमाने बागेत जाऊ या. प्रभू येशू तेथे शांत तत्त्वज्ञासारखा बसलेला नाही. मार्क सांगतो की तो अत्यंत व्याकूळ झाला, जमिनीवर पडला आणि शक्य असेल तर हा प्याला टळावा म्हणून त्याने पित्याकडे प्रार्थना केली. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. शिवाय आपल्याबरोबर कोणीतरी जागे राहावे, असे त्याला वाटले. पेत्र, याकोब आणि योहान मात्र झोपी गेले.

या प्रसंगावर एका मरणोन्मुख माणसाने पुस्तक लिहिले आहे. संत थॉमस मोर हे इंग्लंडचे माजी चान्सेलर. आठव्या हेन्री राजाने मागितलेली शपथ घेण्यास त्यांनी नकार दिला, म्हणून एप्रिल १५३४ मध्ये त्यांना लंडनच्या टॉवरमध्ये कैद झाली. ६ जुलै १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला. वधस्तंभाच्या डुगडुगत्या पायऱ्या चढताना त्यांनी अधिकाऱ्याला म्हटले की वर जायला तेवढा हात द्या, उतरायचे माझे मी पाहीन. हा विनोद प्रसिद्ध आहे, आणि तो ऐकून आपण समजतो की हा माणूस निर्भयच होता.

पण त्यांच्या घरच्या पत्रव्यवहारात वेगळे मोर भेटतात. आपला स्वभाव दुखण्याला फार भिणारा आहे, साध्या टिचकीचीही धास्ती वाटते, असे ते लिहितात. पत्नी झोपलेली असताना, आणि आपणही झोपलो आहोत असे तिला वाटत असताना, कित्येक रात्री जड अंतःकरणाने पुढच्या संकटांचा विचार करीत ते जागे होते. टॉवरमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या दुःखाविषयी व भयाविषयी लॅटिनमध्ये लिहायला घेतले. त्यांचे म्हणणे असे की प्रभूने हे भय स्वतःवर घेतले ते भित्र्या माणसांसाठी. धीट असतील त्यांनी पुढे जावे. भित्र्याने प्रभूच्या वस्त्राचा काठ धरून मागून चालावे. शिपाई येशूवर हात टाकतात तेथे हे लिखाण थांबते. मोर यांच्या स्वहस्तातील प्रत स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे जपलेली आहे.

फ्रान्समधील कॉम्पियेन्यच्या १६ कार्मेलाइट हुतात्म्यांची गोष्टही अशीच. पोप फ्रान्सिस यांनी डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना संत म्हणून घोषित केले. राज्यक्रांतीच्या धामधुमीत मठाधिकारिणीने प्राणार्पणाचा संकल्प सुचवला, तेव्हा दोघी वृद्ध भगिनी घाबरून मागे सरल्या. त्याच दिवशी त्या रडत परतल्या आणि संकल्पात सामील झाल्या. १७ जुलै १७९४ रोजी पॅरिसमध्ये इतरांबरोबर त्याही, ७८ वर्षांच्या, गिलोटिनखाली गेल्या.

इब्री लोकांस पत्र म्हणते की मरणाच्या भयाने माणूस आयुष्यभर दास होऊन राहतो. या दासपणाची खूण आपल्या घरात फार जवळ आहे. आजी अत्यवस्थ असते, पण 'फादरना पाहून ती घाबरेल' म्हणून कोणी त्यांना बोलावत नाही. तिच्यासमोर सगळे 'बरी होशील' एवढेच म्हणतात. बऱ्याचदा आजीला सर्व ठाऊक असते. दागिन्यांविषयी, दुरावलेल्या मुलाविषयी, आपल्या शवपेटीत कोणती साडी नेसवावी याविषयी तिला बोलायचे असते. पण मुलांचे चेहरे पाहून ती गप्प बसते. येथे घाबरलेले कोण असते?

रुग्णाभ्यंगाला पूर्वी लोक शेवटचे तेल म्हणत, म्हणून ही धास्ती बसली. १९६३ सालीच विश्वपरिषदेने स्पष्ट केले की हा संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही. गंभीर आजाराची किंवा वार्धक्याची सुरुवात होताच तो घेता येतो, मोठ्या शस्त्रक्रियेआधीही घेता येतो, आणि आजार बळावल्यास पुन्हाही. आजारी माणूस शुद्धीवर असताना फादरना बोलावले, तर त्याला पापनिवेदन करता येते, ख्रिस्तशरीर स्वीकारता येते आणि प्रार्थनेला स्वतःच्या तोंडाने 'आमेन' म्हणता येते.

या आठवड्यात कौटुंबिक प्रार्थनेनंतर घरातील वडीलधाऱ्यांना एवढेच विचारावे : 'तुम्ही फार आजारी पडलात, तर फादरना केव्हा बोलवू? आणि त्या वेळी जवळ कोण असावे असे तुम्हांला वाटते?'