विंचवाचा दंश, अंगारा आणि औषध



गेल्या दत्तजयंतीला, पारायणाच्या सप्ताहात, नववी-दहावीच्या मुलांना संध्याकाळी तासभर घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं. तिसऱ्या दिवशी एका मुलीने विचारलं, "काका, गाणगापुरी महाराजांनी मेलेल्याला उठवलं. मग आपण आजारी माणसाला दवाखान्यात का नेतो?"

मी पोथी काढली. तिसाव्या अध्यायातली माहूरची सावित्री. नवऱ्याला क्षय झाला तेव्हा तिने आधी औषधपाणी केलं. त्याला जे औषध, तेच स्वतःही घेई. वैद्यांचे उपाय चालेनात तेव्हा गाणगापूरची वाट धरली. औषध टाकून ती देवाकडे धावलेली नाही. आपण वाचताना चमत्काराशी थांबतो, हे पहिलं राहून जातं.

मग आपल्या भागातलं सांगितलं. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले. तेव्हा लाल विंचू चावला की आधी मांत्रिक, मग अंगारा, शेवटी डॉक्टर. माझ्या लहानपणी शेजारच्या पोराला भातकापणीत विंचू चावला. रात्रभर मंत्र चालला. पहाटे तोंडाला गुलाबी फेस आला आणि पोर गेलं. गाडी नव्हती, रस्ता नव्हता, दोष कुणाला देणार? या विषाने हृदयावर ताण येतो, फुफ्फुसात पाणी भरतं. बावस्कर रोग्यांच्या उशाशी बसून नोंदी ठेवत राहिले आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरून पाहिलं. गंभीर दंशाचे शंभरातले चाळीसेक दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आलं. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

"मग मंत्राने लोक बरे कसे व्हायचे?" पुष्कळ दंशांत नुसती कळ येते आणि ती आपोआप उतरते. श्रेय मंत्राला जातं.

खरा वाद पुढे झाला. २०११ साली बावस्करांचा महाडमधला अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. सत्तर रोगी. प्राझोसिन सगळ्यांना, पण प्रतिविष निम्म्यांनाच, तेही चिठ्ठी टाकल्यासारखं. दहा तासांत प्रतिविष मिळालेल्या पस्तीसपैकी बत्तीस बरे झाले, दुसऱ्या गटात आठ. मुलं भडकली. "उरलेल्यांवर अन्याय नाही का?" एक जण म्हणाला, "ज्याचं त्याचं प्रारब्ध." मला ते पटलं नाही. प्रारब्धाचं नाव घेऊन डॉक्टरला सुटता येत नाही. मी म्हटलं, माहीत असलेलं औषध कुणाचंच अडवलं नव्हतं. प्रतिविषाचा जास्त उपयोग होतो की नाही, हेच तर पाहायचं होतं. चिठ्ठी असली की सरपंचाचा मुलगा आणि आदिवासी वाडीतला मुलगा एकाच रांगेत येतात. आणि अशा अभ्यासात आधी सगळं समजावून संमती घ्यावी लागते.

"पण आजी बेशुद्ध असली, आणि घरचे म्हणाले आधी देवाला कौल लावू, तर?" मागून एका मुलाने विचारलं. मला लगेच उत्तर सुचलं नाही. मुलीच म्हणाल्या, गाडी निघाल्यावर एकाने मागे थांबून कौल लावावा.

त्या मुलांनी एक पाटी रंगवली: 'अंगारा लावा, पण आधी १०८ ला फोन करा.' अंगाऱ्याच्या वाटीशेजारी ती लावायची का, यावर मंडळात अजून एकमत झालेलं नाही.