उतारशाळेच्या रक्षकाचें काम

आजाऱ्यांच्या सेवेविषयीं पाठ
वाचण्याचा भाग : लूक १०:२५–३७

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपल्या मंडळ्यांतील लहान मुलांनाहि ठाऊक आहे. वाटेवर पडलेल्या माणसाला त्यानें उचललें, त्याच्या जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेंत नेलें, आणि दुसऱ्या दिवशीं दोन दीनार देऊन तो आपल्या वाटेनें गेला. येथें आपण बहुधा पुस्तक मिटतों. परंतु तो गेल्यावर त्या जखमा कोणीं धुतल्या? रात्रीं पाणी कोणीं पाजलें? हें ज्याच्यावर सोंपविलें त्या रक्षकाचें नांव शास्त्रांत नाहीं, व त्याच्यावर उपदेशहि क्वचितच होतो. आज आपण त्याच्या कामाचा विचार करूं.

तें काम कसें असतें हें कुष्ठरोग्यांच्या मिशन आश्रमांत चांगलें दिसून येतें. पूर्वीं या रोग्यांस 'महारोगी' म्हणत. तें नांव माणसाला त्याच्या दुखण्यांतच कोंडून ठेवतें, म्हणून तें आपण टाकावें. आयर्लंडचे वेलस्ली बेली हे १८६९ सालीं अंबाल्यास मिशन शाळेंत शिक्षक झाले, व तेथील आश्रमांत त्यांनीं हे रोगी पाहिले. १८७४ सालीं डब्लिन शहरांतील त्यांच्या स्नेह्यांनीं वर्षास ३० पौंड पाठविण्याचें कबूल केलें. त्यांतून मिशन टु लेपर्स ही संस्था उभी राहिली. पुढें तिचें नांव लेप्रसी मिशन असें झालें. आपल्या विदर्भांत परतवाड्याजवळ कोठारा येथें, तसेंच मिरज व पोलादपूर येथें, तिच्या साह्यानें ही सेवा चालली. दीनार समुद्रापलीकडून आले. परंतु रोज सकाळीं पट्ट्या बांधणारे हात पुष्कळ ठिकाणीं याच देशांतल्या माणसांचे होते.

१. हें काम रोजचें आहे. कुष्ठरोग बोटें खातो अशी लोकांची समजूत आहे. ती खरी नव्हे. हा रोग नसा मारतो, आणि नस मेली म्हणजे वेदना कळत नाहीं. चुलीचा चटका, बाभळीचा काटा, विळ्याचा काप, कांहींच कळत नाहीं. माणूस चालत राहतो, जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, आणि अंगुळें झिजतात. डॉ. पॉल ब्रँड हे १९४६ सालीं वेलोरला आले, व हातापायांची ही हानि बहुतांशीं टाळतां येते हें त्यांनीं दाखवून दिलें. कांहीं रोग्यांचीं बोटें रात्रीं उंदीर कुरतडीत व त्यांना जाग येत नसे. त्यावर उपाय म्हणून मांजरें पाळण्यांत आलीं. मोठ्या वैद्याचें कामहि असें लहान गोष्टींचें असतें.

म्हणून अशा आश्रमांत दिवसाचा मोठा भाग पायांकडेच जातो. साध्या पाण्यांत, गरम नव्हे, सुमारें वीस मिनिटें पाय भिजवावे. घट्ट झालेली कातडी वजरीनें हलकेच घांसावी. उघडी जखम असेल तेथें घांसूं नये. पाय ओला असतांनाच तेल लावावें. मग आरसा धरून तळवा पाहावा. जखम असल्यास स्वच्छ पट्टी बांधून त्या पायाला विसांवा द्यावा. ज्याची पापणी मिटत नाहीं त्याचे डोळे पाहावे, व झोंपतांना ते झांकावे. गरम भांडें फडक्यानें धरावें. वहाण मऊ रबराच्या तळाची, खिळा नसलेली असावी. हें आज केलें म्हणून उद्यां सुटत नाहीं. शोमरोन्याची दया क्षणांत उपजली. रक्षकाची दया रोज पहांटे नवी उपजावी लागते.

२. आश्रमाच्या भिंतीला दोन बाजू होत्या. गांवानें हांकललेल्याला तेथें छप्पर, भाकर व मित्र मिळाले. परंतु पुष्कळ आश्रमांत स्त्रीपुरुषांस निराळें ठेवीत, आणि निरोगी लेकरें आईबापांपासून दूर वाढवीत. औषध म्हणून कडू कवठाच्या जातीच्या झाडांचें तेल टोंचीत. तें फार दुखे, व गुण थोडा येई. सरकारचा १८९८ चा कायदा तर भिक्षेकरी रोग्यास धरून कोंडण्याची मुभा देत असे; तो २०१६ सालीं रद्द झाला. हा रोग घटस्फोटाचें कारण होऊं शकत असे, आपल्या ख्रिस्ती विवाहाच्या कायद्यांतसुद्धां. तें कलम २०१९ सालीं निघालें.

३. आतां उतारशाळा आपलें घरच आहे. १९४० नंतरच्या दशकांत डॅप्सोन हें औषध आलें, आणि १९८० नंतर अनेक औषधें मिळून देण्याची रीत आली. सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्यानें रोग बरा होतो. सरकारी दवाखान्यांत त्या फुकट मिळतात. व औषध सुरू झाल्यावर लवकरच संसर्गाचें भय उरत नाहीं. म्हणून रोग्यानें घर सोडण्याचें कारण राहिलें नाहीं. परंतु मेलेली नस गोळ्यांनीं नेहमींच परत येते असें नाहीं. हिंगणा तालुक्यांत कोणी कपाशींत राबतो, कोणी एमआयडीसीच्या कारखान्यांत जातो. दोघांचाहि संसार हातांवर चालतो. उशीर झाला तर ते हातच जातात.

यास्तव प्रचारकांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असून त्यावर कापसाची वात फिरविली तरी कळत नसेल, तर त्या माणसाला दवाखान्यांत पाठवावें; शक्य तर बरोबर जावें. त्याची गोष्ट चारचौघांत बोलूं नये. आणि औषध चालू असतां, किंवा संपल्यावरहि, चट्टे सुजले, नस दुखूं लागली, हात लुळा पडूं लागला किंवा डोळा लाल झाला, तर औषध न सोडतां त्याच दिवशीं दवाखाना गांठावा.

४. मंडळीचें कर्तव्य. बरा झालेला बंधु उपासनेस आला आणि त्याचा पाट निराळा मांडला, तर दवाखान्यानें बरें केलेल्या माणसाला मंडळीनें पुन्हां आजारी केलें असें होईल. प्रभूनें कुष्ठरोग्याला हात लावला तो त्याला बरें करण्याआधीं, हें विसरूं नये. त्याच प्रभूनें शिष्यांचे पाय धुतले. घमेलें, पाणी, वजरी व तेल प्रत्येक गरिबाच्या घरीं आहे. या सेवेसाठीं कोणाच्या दीनारांची वाट पाहावी लागत नाहीं.

विचारासाठीं प्रश्न : (१) शोमरोनी गेल्यावर रक्षकावर कोणतें काम राहिलें? (२) कुष्ठरोगांत बोटें कशानें झिजतात? (३) बधिर चट्टा दिसल्यास काय करावें? (४) आपल्या गांवांत असा कोण आहे, कीं ज्याला आपण उचललें, परंतु दुसऱ्या दिवशीं विसरलों?