धूमोपहत व प्रमाददग्ध : दीपावलीपूर्वीचा विचार

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या चिकित्सालयात दोन प्रकारचे रुग्ण हमखास येतात. एक फटाक्याने भाजलेले, दुसरे धुराने श्वास कोंडलेले. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या बाराव्या अध्यायात या दोन्हींचा विचार एकत्रच केला आहे. त्या काळी शोभेची दारू नव्हती. भारतातील आतषबाजीचा इतिहास शोधणारे पुण्याचे परशुराम कृष्ण गोडे यांनीही आपल्या निबंधाचा आरंभ इ. स. १४०० पासूनच केला आहे. तथापि धूर तोच आणि दाहही तोच, म्हणून हा अध्याय दिवाळीपूर्वी पुन्हा उघडावा, अशी आमची वैद्यबंधुभगिनींना विनंती आहे.

धूमोपहताची लक्षणे सांगताना आचार्यांनी श्वास, कास, शिंका, आध्मान, नेत्रदाह व नेत्रराग यांच्या जोडीला एक मार्मिक लक्षण नोंदविले आहे : रुग्णाचा निःश्वास सधूम होतो व त्याला अन्य गंध कळत नाही. पुढे तृष्णा, दाह, ज्वर आणि मूर्च्छाही सांगितली आहे. शरद ऋतूत पित्त आधीच प्रकुपित असते. त्यात ज्यांना तमकश्वास आहे त्यांची अवस्था काय होते, हे आपण दरवर्षी पाहतो.

येथे एका भ्रमाचा उल्लेख करणे आवश्यक वाटते. आवाज नाही म्हणजे अपाय नाही, असे समजून पालक लहान मुलांच्या हाती नागगोळी व फुलबाजी देतात. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने सहा प्रचलित फटाक्यांच्या धुरातील २.५ मायक्रोमीटरहून सूक्ष्म कण मोजले, तेव्हा सर्वांत वर नागगोळी निघाली. तिच्या धुराचा क्षणिक उच्चांक प्रति घनमीटर सुमारे ६४,५०० मायक्रोग्रॅम होता. भुईनळ्याचा ५,००० च्याही आत. आपल्या देशात चोवीस तासांच्या सरासरीसाठी मर्यादा ६० आहे. क्षणिक उच्चांकाची सरासरीशी थेट तुलना होत नाही हे मान्य. पण नागगोळीवर ओणवे होऊन पाहणारे चार वर्षांचे मूल तो उच्चांकच श्वासावाटे आत घेत असते. आमच्याकडे आलेल्या अशा एका बालकाच्या आईला अखेरपर्यंत खरे वाटेना. “आम्ही मोठा फटाका आणलाच नव्हता,” असे ती पुन्हा पुन्हा सांगत होती.

धूमोपहतासाठी वमन, कवल, शिरोविरेचन व लघु, स्निग्ध, अविदाही आहार हा क्रम ग्रंथात आहे. मात्र धाप लागलेल्या रुग्णास वमन देण्याचे धाडस कोणी करू नये. त्याला प्रथम मोकळ्या हवेत न्यावे, त्याचे नेहमीचे श्वासाद्वारे घ्यावयाचे औषध चालू ठेवावे आणि बोलताना वाक्य तुटत असेल तर विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

दग्धाविषयी मात्र आम्हांला स्वतःची चूक सांगितली पाहिजे. प्लुष्टावर उष्ण उपचार करावेत, कारण शीत जलाने रक्त स्कंदित होते, असे ग्रंथवचन आहे. त्याच्या आधारे आम्ही अनेक वर्षे पाणी टाळून भाजल्याबरोबर घृतलेप करण्यास सांगत असू. परंतु फटाक्याने भाजल्यावर बहुधा फोड येतात, म्हणजे ते दुर्दग्ध असते आणि दुर्दग्धात ग्रंथकारांनीच शीत क्रियेलाही स्थान दिले आहे. आता आम्ही वरवरच्या भाजण्यातही निरपवादपणे नळाचे वाहते साधे पाणी वीस मिनिटे, हाच पहिला उपचार सांगतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, शाई नको, आणि त्या घटकेला तूपही नको. फोड फोडू नयेत, चिकटलेले वस्त्र ओढू नये. मधूच्छिष्ट, यष्टिमधु, लोध्र, मंजिष्ठा यांनी सिद्ध रोपण घृताचा काळ नंतरचा आहे, तोही दाह शमल्यावर व जखम लहान असेल तरच. चेहरा, हात, सांधे किंवा गुह्यभाग भाजला असेल तर रुग्ण आपल्याकडे ठेवून घेऊ नये. डोळ्याला स्फोटाचा मार बसला असेल तर डोळा चोळू अथवा दाबू नये, त्यात गुलाबजलही घालू नये; वर कागदी पेला अलगद टेकवून थेट नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे.

उरला प्रश्न वस्तीचा. २३ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाळीत रात्री ८ ते १० ही वेळ ठरवून दिली, बेरियमच्या क्षारांचे फटाके व लडी यांना मनाई केली आणि ठरावीक मोकळ्या जागी एकत्र फटाके उडविण्याचा मार्ग पडताळून पाहावा, असेही सुचविले. ही शेवटची सूचना आम्हांस सर्वांत मोलाची वाटते. प्रत्येक जिन्याखाली धूर करण्याऐवजी गृहसंस्थेने एक मैदान ठरवावे, वाळूच्या व पाण्याच्या बादल्या भरून ठेवाव्यात, मुलांना सुती कपडे घालावेत, न उडालेल्या फटाक्याला हात लावू देऊ नये. आपण वैद्य म्हणून वसुबारसेपूर्वी सोसायटीच्या सभेत पाच मिनिटे मागून घ्यावीत. फटाके बंद करा म्हणणाऱ्याचे कोणी ऐकत नाही, हा आमचा अनुभव आहे. कोणत्या मजल्यावर दम्याचा रुग्ण आहे, कोणाकडे तान्हे बाळ आहे, हे त्यांच्या संमतीने सांगितले की मात्र मैदानाची जागा लोक आपणहून बदलतात.