मशागत आणि राखण



उत्पत्तीच्या पुस्तकात (२:१५) देव माणसाला बागेत ठेवतो आणि दोन कामे सोपवतो : मशागत आणि राखण. मशागतीत आपण खानदेशी माणसे कमी नाही. राखण मात्र आपण कणसात दाणा भरला की पाखरे हाकण्यापुरतीच समजतो.

आता पाऊस महिनाभर दडी मारतो, मग एका रात्रीत कोसळतो. मे महिन्याच्या उन्हात रावेर-यावलची केळी करपते. साक्रीकडची कित्येक कुटुंबे दाराला कुलूप लावून ऊसतोडीला जातात.

त्याच साक्री तालुक्यात बारीपाडा हे आदिवासी गाव आहे. १९९० च्या सुमारास तिथले डोंगर उघडे पडले होते, विहिरी आटत होत्या. चैत्राम पवार (२०२५ साली पद्मश्री) व गावकऱ्यांनी सुमारे ११०० एकर जंगल राखायला घेतले. बंधारे घातले, झाड तोडणाऱ्याला दंड ठरवला. मुळांनी माती धरली, पाणी वाहून जाण्याऐवजी मुरले, विहिरींना राहिले. शेतीला आधार झाला. भावकीतल्या माणसाकडून दंड घेणे किती अवघड, हे गावात राहणाऱ्यास सांगायला नको! आम्हाला तर बंधाऱ्यांपेक्षा हेच काम मोठे वाटते.

पोप फ्रान्सिस यांनी ‘लाऊदातो सी’ (२०१५) या विश्वपत्रात हवामानाला सर्वांचे सामायिक हित म्हटले आहे. बांधाशेजारचा शेतकरी आपल्या चर्चमध्ये येत नसेल, पण नाल्याचे पाणी दोघांचेच.

आपल्या शिवारातला कोणता नाला गाळाने भरला आहे, हे येत्या रविवारी मिस्सानंतर थांबून सांगावे. शेजाऱ्यालाही सोबत आणावे.