डोकं तुमचं, कारखाना त्याचा

प्रश्न : हळद शिजवायच्या कुकरमधली वाफेची जोडणी मी बदलली, सरपण कमी लागतं. पुण्याचा एक कारखानदार म्हणतो, पेटंट दोघांच्या नावावर घेऊ. घ्यावं का?
– एक वाचक, पुसद

उत्तर : घेऊ नका. वेगळा करार नसेल तर मालकी निम्मी-निम्मी होते. खरी मेख पेटंट कायदा, १९७० च्या कलम ५० मध्ये आहे : तो कुकर बनवून विकू शकतो आणि तुम्हाला हिशेबही देणं लागत नाही. मुभा तुम्हालाही तीच, पण तुमच्याकडे कारखाना कुठंय? तिसऱ्याला परवाना द्यायचा तर त्याची संमती हवी. त्यापेक्षा पेटंट स्वतःच्या नावावर घ्या आणि त्याला लेखी परवाना द्या. कुकरमागे रॉयल्टी किती, मुदत किती, हे त्यातच येऊ द्या. आणि हो, अर्ज दाखल होईपर्यंत कुकर कृषी प्रदर्शनात मांडू नका. नावीन्याचा दावाच हातचा जायचा.